बाणाचं मागचं टोक

बाण दोरीवर चढतो तेव्हा एक बारीकसा आवाज होतो. टक्. मैदानावर वारा सुटलेला असो, कुंपणाबाहेरून एस. टी. घरघरत जात असो, ज्याच्या हातात धनुष्य आहे त्याला तो आवाज कळतोच. कारण तो कानाआधी बोटांना कळतो. टिचबटण लागताना अंगठ्याखाली जाणवतं, तसं काहीसं. तिरंदाजीतलं सगळ्यात जवळचं काय, असं मला कुणी विचारलं तर मी या आवाजाचं नाव घेते. विचारणाऱ्याला लक्ष्यावरच्या पिवळ्या वर्तुळाविषयी ऐकायचं असतं. पण तिथे काय होणार याची पहिली खूण मला इथे, माझ्या हनुवटीपासून हातभर अंतरावर मिळते.

धनुष्यबाणाच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या बाणाच्या पुढच्या टोकाच्या आहेत. झाडावरच्या पक्ष्याचा डोळा, वर गरगर फिरणारा मासा, राक्षसाच्या नाभीत रुतलेलं पातं. अर्जुनाला डोळ्याखेरीज काही दिसत नव्हतं हे आपण शाळेत जायच्या आधी ऐकतो. त्या घटकेला त्याचा बाण दोरीवर कसा बसला होता, हे कुणी सांगत नाही. मला ते ऐकायला फार आवडलं असतं. कारण नेम धरणारा डोळा कितीही स्थिर असला तरी बाणाला निरोप देते ती दोरी, आणि दोरीची नि बाणाची गाठ पडते ती मागच्या टोकाला असलेल्या खाचेत.

ही खाच आजच्या बाणाला वेगळी बसवलेली असते. करंगळीच्या नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्याला सगळे नॉकच म्हणतात. डोळ्याजवळ धरून पाहिलं तर त्याचे दोन कान दिसतात आणि त्या कानांमधली फट तोंडाशी किंचित अरुंद, आत किंचित ऐसपैस. दोरी तोंडातून आत ढकलली की कान केसभर फाकतात आणि पुन्हा मिटतात. तो मिटण्याचा आवाज म्हणजे टक्. आणि दोरी ज्या ठिकाणी आत शिरते तिथे ती उघडी नसते. दोरी म्हणजे बारीक तंतूंचा जुडगा, रिकर्व्ह, म्हणजे पुढे वळलेल्या टोकांच्या, धनुष्याला साधारण सोळा ते वीस तंतूंचा. त्यावर मधोमध, जिथे बोटं आणि बाण दोन्ही लागतात, तिथे धाग्याचं घट्ट वेटोळं घातलेलं असतं. त्याला सर्व्हिंग म्हणतात. नॉक खऱ्या अर्थाने बसतो तो या वेटोळ्यावर. म्हणजे नॉकची फट कारखान्यात ठरलेली, तंतूंची संख्या दोरी बनवणाऱ्याने ठरवलेली, आणि या दोघांचं जमवून आणायचं काम मधल्या धाग्याचं.

काम किती बारीक आहे ते आकड्यांवरून कळावं. ईस्टन कंपनीचे जे नॉक आपल्याकडे बरेच जण वापरतात ते दोन मापांत मिळतात. एकाची फट 0.088 इंच, दुसऱ्याची 0.098. मिलिमीटरमध्ये साधारण सव्वादोन आणि अडीच. दोघांत फरक पाव मिलिमीटरचा. आणि योग्य आणि अयोग्य यांतलं अंतर या पाव मिलिमीटरच्याही आत कुठेतरी असतं. धाग्याची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. एकोणीसचा धागा काढून एकवीसचा गुंडाळला, की तोच नॉक त्याच दोरीवर निराळा वागू लागतो.

बरोबर बसलाय हे ओळखायचं कसं, याची रीत जुनी आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. धनुष्य आडवं धरायचं, दोरी वरच्या अंगाला. बाण दोरीत अडकवून खाली सोडायचा, पातं जमिनीकडे. आता हात काढून घ्यायचा. बाणाने स्वतःच्या वजनाने लोंबकळत राहिलं पाहिजे. राहिला? मग नॉकपासून बोटभर अंतरावर दोरीवर तर्जनीने हलकीच टिचकी मारायची. बाण सुटून पडला पाहिजे. लोंबकळलाच नाही तर नॉक सैल आहे. टिचकीने सुटला नाही तर घट्ट आहे. एवढंच. पकड इतकी, की आपण होऊन सुटू नये. आणि इतकीच, की बोटाने सांगताच सोडावं.

घट्ट नॉकविषयी आधी सांगते, कारण नवशिक्यांच्या धनुष्यावर तोच जास्त आढळतो आणि तो फसवा असतो. घट्ट बसलेला बाण हाताला खात्रीचा वाटतो. वाऱ्याने हलत नाही, मान वळवली तरी पडत नाही. पण बोटं सुटल्यावर काय होतं ते पाहायला हवं. दोरी बाणाला सुमारे अर्धा मीटर ढकलत नेते आणि मग थांबते. बाणाने तिथे दोरी सोडून पुढे जायचं असतं. या सगळ्या प्रवासाला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. त्यात बाण सरळ जात नाही. बोटांवरून दोरी सुटताना ती बाजूला सरकते, त्यामुळे बाण नदीतल्या वेतासारखा आधी एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला वाकतो आणि तसाच वाकत निघतो. अशा वाकत्या बाणाचं मागचं टोक दोरीने एका वेळी जरा जास्त आणि पुढच्या वेळी जरा कमी धरून ठेवलं, तर दर बाण निराळ्या वळणावर सुटणार. धनुर्धराचा हात तोच, नेम तोच, आणि बाण मात्र वर-खाली विखुरलेले. मग तो आपल्या खांद्याला दोष देतो. श्वासाला देतो. आदल्या रात्रीच्या झोपेला देतो. मागच्या टोकाकडे बघायचं त्याच्या मनातही येत नाही.

सैल नॉकचा धोका सरळ आहे आणि मोठा आहे. धनुष्य पूर्ण ताणलेलं असताना बाण दोरीवरून मिलिमीटरभर मागे-पुढे झाला, आणि सोडणाऱ्याला ते कळलं नाही, तर दोरी बाणाविना सुटते. जी शक्ती बाण घेऊन जाणार होता ती परत धनुष्याच्या भुजांमध्ये जाते. भुजा तडकतात, दोरी तुटते, कधी दोन्ही. म्हणून कुठलाही जाणता प्रशिक्षक मुलांना रिकामं धनुष्य ताणून सोडू देत नाही. सैल नॉक हे तेच रिकामं धनुष्य आहे, फक्त बाण समोर दिसत असतो.

आता भूमिती. बाण साधारण सत्तर सेंटीमीटर लांब. ऑलिंपिकमधलं लक्ष्य सत्तर मीटरवर. बरोब्बर शंभर पट. नुसत्या कागदावर मांडलं तर मागच्या टोकाला एक मिलिमीटरचा कल म्हणजे लक्ष्यावर दहा सेंटीमीटर, आणि दहा गुणांचं वर्तुळ आहे 12.2 सेंटीमीटर व्यासाचं. प्रत्यक्षात पिसं बाणाला सावरून घेतात, हिशेब इतका कठोर राहत नाही. पण पिसांनी सावरायचं काम जितकं कमी, तितका बाण वाऱ्याला कमी बळी पडतो. मिलिमीटर कुठे राखायचा आणि कुठे त्याची काळजी सोडायची, हे या खेळात ठरवावं लागतं, आणि मी म्हणेन मागच्या टोकाला तो काटेकोर राखावा.

दोरी गुंडाळण्याच्या कामात मला जे सुख मिळतं ते बाण मारण्याच्या सुखाहून कमी नाही. धनुष्यावरून दोरी उतरवून दोन हुकांमध्ये ताणून लावते. जुनं सर्व्हिंग पात्याने अलगद कापून काढते. आतले तंतू उघडे पडतात, त्यांवर मेण घासते आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरून वर-खाली चोळते. चिमटीला ऊब लागते, मेण वितळून तंतूंच्या आत उतरतं आणि चपटा झालेला जुडगा पुन्हा गोल होतो. हा गोलपणा महत्त्वाचा. चपट्या दोरीवर कितीही नेटका धागा गुंडाळला तरी नॉक एका अंगाने घट्ट आणि दुसऱ्या अंगाने सैल बसतो. मग धाग्याचं टोक तंतूंखाली दडपायचं आणि गुंडाळणीच्या छोट्या हत्याराने फेरे घालत जायचं. हत्याराला एक स्क्रू असतो, त्याने रिळाचा ताण कमी-जास्त होतो. ताण जास्त पडला तर वेटोळं बारीक येतं, कमी पडला तर जाड आणि ढिलं. दोरीचा पीळ ज्या अंगाचा, फेरेही त्याच अंगाचे. उलटे घातले तर वापरात धागा उकलत जातो. फेऱ्याला फेरा चिकटून बसला पाहिजे, मध्ये तंतू दिसता कामा नये. शेवटचे फेरे उलट्या फासावर घालून टोक आत ओढून घ्यायचं, म्हणजे वर गाठ राहत नाही. हे सगळं बोटांच्या टोकांवर चालतं. धागा नखाच्या कडेला कापत जातो, आणि कामाची लय एकदा लागली की डोळे मिटूनही फेरा चुकलेला कळतो.

ताण किती ठेवायचा हे आकड्यात सांगता येत नाही. थोडं गुंडाळायचं, थांबायचं, नॉक लावून पाहायचा. अजून आवळायचं की सोडायचं ते ठरवायचं. धागाच चुकीच्या जाडीचा असेल तर पूर्ण उकलून दुसरं रीळ घ्यायचं. घाईत असलेले लोक नॉकची फट कानशीने रुंद करतात, किंवा सैल असेल तर सर्व्हिंगखाली दाताच्या फ्लॉसचा पदर घालतात. फ्लॉसला माझी हरकत नाही, तो चांगला उपाय आहे. कानशीला आहे. बारा बाणांचे बारा नॉक हाताने घासले की बारा निराळ्या फटी तयार होतात, आणि त्यांतला एकही परत पूर्वीसारखा करता येत नाही. बदलायचा तर धागा बदलावा. तो एक आहे आणि सगळ्या बाणांना सारखा आहे.

त्यानंतर बाण दोरीवर किती उंचीला बसायचा ती खूण. धाग्याच्या दोन छोट्या गाठी, एक नॉकच्या वर, एक खाली. रिकर्व्हला वरची खूण, बाण टेकतो तिथून दोरीला काटकोनात येणाऱ्या रेषेहून थोडी वर असते, सहा ते बारा मिलिमीटरच्या दरम्यान सुरुवात करतात आणि मग पिसं नसलेला बाण पिसांच्या बाणांबरोबर मारून पाहतात. बिनपिसांचा बाण खाली लागला तर खूण वर गेली आहे, वर लागला तर खाली आहे. पण हा निकाल तेव्हाच खरा, जेव्हा नॉकची पकड आधी बरोबर केलेली असेल. घट्ट नॉकवर बिनपिसांचा बाण खोटी साक्ष देतो. या दोन गाठींमध्येही नॉकला जरा मोकळीक हवी, कारण दोरी पूर्ण ताणली की तिचा कोन लहान होतो आणि दोन्ही गाठी नॉकला दोन बाजूंनी दाबू लागतात. रिकाम्या हातात चपखल वाटलेली जागा ताणात अंगावर येते.

ही काळजी आजकालची, कार्बनच्या बाणांबरोबर आलेली, असं कुणाला वाटेल. पण तसं नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं मेरी रोझ नावाचं लढाऊ जहाज 1545 मध्ये समुद्रात बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं गेलं. त्यातून शंभराहून जास्त धनुष्यं आणि हजारांनी बाण निघाले. त्या बाणांना वेगळा नॉक नाही, लाकडातच खाच कापलेली, आणि दोरीच्या दणक्याने लाकूड उभं फुटू नये म्हणून खाचेला आडवी शिंगाची पातळ चकती बसवलेली. दोऱ्या साडेचारशे वर्षांत टिकल्या नाहीत. त्या केवढ्या जाड होत्या याचा अंदाज अभ्यासकांनी बांधला तो या खाचांवरून, सुमारे इंचाचा आठवा भाग. त्याच 1545 साली इंग्रज विद्वान रॉजर ॲस्कमचं तिरंदाजीवरचं पुस्तक छापलं गेलं, आणि त्यात त्याने दोरी, खाच आणि बाण यांचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. क्यूदो या जपानी तिरंदाजीत तर दोरीचा हा भाग धनुर्धराने स्वतः बनवायचा असतो. तागाचे तंतू चिकाच्या लेपाने दोरीवर चढवायचे आणि लाकडाच्या दोन छोट्या ठोकळ्यांमध्ये धरून फिरवत फिरवत घट्ट करायचे, बाणाची खाच नेमकी बसेपर्यंत. आणि आपल्या सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला दोरीसुद्धा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. जंगलात जे हाताशी आहे त्यातून धनुष्यही आणि दोरीही, आणि बाणाची खाच त्या दोरीच्या मापाने. बांबूच्या बाणाला खाच पेराला धरून घेतात, म्हणजे दोरीच्या धक्क्याने नळी चिरत नाही. ही अक्कल पुस्तकातून आलेली नाही.

दोऱ्यांचंही एक चरित्र आहे. ताग, रेशीम, मग डॅक्रॉन. एके काळी केवलारच्या दोऱ्या आल्या. त्या ताणत नसत म्हणून बाण वेगाने जायचा, पण नेमक्या नॉकच्या जागी अचानक तुटायच्या. आताच्या दोऱ्या वेगळ्या तंतूंच्या आहेत, बारीक आणि चिवट. तंतू बारीक झाले म्हणून त्यांची संख्या वाढली, संख्या बदलली म्हणून सर्व्हिंग बदललं, सर्व्हिंग बदललं म्हणून नॉक. एक गोष्ट सुधारली की शेजारची पुन्हा जुळवावी लागते.

महाराष्ट्रात हे सगळं आता लांबचं राहिलेलं नाही. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये सत्तर मीटरवर उभा राहिला. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या, प्रकारात विश्वविजेते झाले. ओजसने अंतिम फेरीत पंधरा बाण मारले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात, 150 पैकी 150. कंपाउंडमध्ये बोटं दोरीला लागत नाहीत, दोरीला बांधलेल्या छोट्या फासात यांत्रिक आकडा अडकवतात. तरी नॉक दोरीवरच बसतो. पंधरा बाण, पंधरा नॉक, आणि दोरीने त्यांतल्या प्रत्येकाला सारखंच धरलं, सारखंच सोडलं. त्या दिवशी टीव्हीवर लक्ष्य जवळून दाखवत होते. मला दोरी बघायची होती.

आमच्या मैदानावर मुलं येतात ती लाकडी धनुष्यं घेऊन. रिकर्व्ह नंतर येतं, आणि आलं की घरातल्या सगळ्यांचा पैसा त्यात गेलेला असतो. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी माझ्याकडे आली. "मावशी, माझे बाण खालीवर जातायत. सर म्हणाले तुम्हाला दाखव." तिचे हात, उभं राहणं, सुटका, सगळं छान होतं. मी तिला बाण दोरीवर लटकवायला सांगितलं आणि टिचकी मार म्हटलं. तिने मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जोरात मारली तरी बाण हलेना. दोरी दुकानातून गुंडाळून आलेली होती, जाड धाग्यात, आणि नायलॉन दमट हवेत ओल धरतो. तिच्या चेहऱ्यावर आधी काळजी आली आणि मग, दोष आपल्या हाताचा नाही हे ध्यानात आल्यावर, इतका हलकेपणा आला की मीच क्षणभर गप्प झाले. किती आठवडे ती पोर स्वतःला दोष देत असेल.

मी तिची दोरी गुंडाळून दिली नाही. हत्यार तिच्या हातात दिलं. पहिल्यांदा तिचे फेरे एकमेकांवर चढले, तिने उकलले. पुन्हा घातले. मध्येच विचारलं, "मावशी, अजून ओढू का?" मी म्हटलं, "नॉक लावून बघ आणि तूच सांग." संध्याकाळी उशिरा तिचा बाण लटकला आणि टिचकीने सुटून गवतात उभा रुतला. आता ती बाकीच्या मुलांची सर्व्हिंगं करते, आणि माझ्याहून सफाईने करते. मुख्य म्हणजे आपलं धनुष्य तिला कळतं. स्पर्धेत दुसऱ्या दिवशी सकाळी बाण विखुरले तर रडत बसायच्या आधी ती दोरी हातात घेते.

नियमातही या जागेचा विचार आहे. मधलं सर्व्हिंग पूर्ण ताणाच्या वेळी धनुर्धराच्या नजरेच्या पट्ट्यात संपता कामा नये, म्हणजे त्याच्या टोकाचा नेमासाठी खुणेसारखा वापर होऊ नये. नॉकिंगच्या गाठींचंही तसंच. पंच दोरी हातात घेऊन हे तपासतात. पकड बरोबर आहे का, हे मात्र कुठलाही पंच तपासत नाही. ते ज्याचं त्याने पाहायचं असतं.

म्हणून एक विनंती, विशेषतः गावोगाव नव्याने सुरू होणाऱ्या मैदानांवर शिकवणाऱ्यांना आणि मुलांसाठी धनुष्य घेणाऱ्या पालकांना. धनुष्याबरोबर सर्व्हिंगच्या धाग्याची दोन जाडींची रिळं आणि गुंडाळायचं ते छोटं हत्यार घ्या. बाकी साहित्याच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे. मुलाला ते पहिल्या महिन्यातच शिकवा. आणि बाण विखुरलेले दिसले की त्याच्या खांद्यावर बोलण्याआधी दोरीवर एक टिचकी मारून पाहा.